आठ कोटांची उसवण

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय काडीस,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असतील. इकडेही बरं आहे, म्हणजे जितकं असू शकतं तितकं.

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. झटका येऊन आठ महिने झाले, उजवा हात अजून पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो आणि डावा आत्ता कुठे बालवाडीतून पहिलीत गेलाय. व्यायामवाली बाई म्हणाली, रोज अर्धं पान लिहायचं, मनात येईल ते. मी म्हटलं, मनात येतं ते लिहिलं तर कागद जळेल. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

म्हटलं, लिहायचंच आहे तर तुलाच लिहावं. फोनवर माझी जीभ जड पडते आणि शब्द अडकला की तू तो पटकन पुरा करून टाकतेस. चांगल्या मनानेच करतेस, पण मला ते खपत नाही. परवा मला पडद्याबद्दल काही सांगायचं होतं, तू म्हणालीस, 'पाणी हवंय का ताई?' आणि मी वाद नको म्हणून पाणी मागून प्यायले. कागदावर तरी माझं वाक्य मला पुरं करू दे.

टपालखातं घरचंच आहे. हे पाण्याची मीटरं वाचत गावभर फिरतात, तुझ्या दुकानावरून जातातच रोज. बघ, 'तुझ्या' लिहिलं. आपल्या. पाकिटाला डिंक लावून वर दोन टाचण्याही मारणार आहे, कारण ह्यांना दिसेल ते वाचायची खोडच लागली आहे.

व्यायामवाल्या बाईने मला छंदांची यादी दिली आहे. 'दिवस भरला पाहिजे' हे तिचं पालुपद. रंग भरायचं पुस्तक झालं. सहा वर्षांच्या पोरीला देतात तसलं, त्यात एक बदक. काडी, मी अख्खं आयुष्य खडूच्या रेषेवर कात्री चालवली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, आणि त्या मेल्या बदकाच्या चोचीबाहेर रंग गेला. पुस्तक भिरकावलं. तेही डाव्या हाताने, त्यामुळे ते पलंगाखाली न जाता माझ्याच पायावर पडलं.

मग कुंड्या झाल्या. रोप लावून झालं की ते आपलं आपण वाढतं, मी काय करू, त्याच्याकडे बघत बसू? मग तुकडे जोडून चित्र करायचं ते पाचशे तुकड्यांचं कोडं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रोज येऊन चार तुकडे लावून जायच्या आणि 'किती छान जमतंय तुम्हाला' म्हणायच्या. एक तुकडा मी मुद्दाम उशीखाली लपवला. अजून तिथेच आहे.

ह्यांचं सांगते. संध्याकाळी येतात, बूट काढतात आणि म्हणतात, 'आज दमलो बुवा.' रोज म्हणतात. पंचवीस वर्षं म्हणतायत, मी कधी लक्षही दिलं नाही, कारण मीही दमूनच आलेली असायचे. आता ते तसं म्हणाले की माझ्या पोटात दुखतं. खरंच सांगते. माणसाच्या दमण्याचासुद्धा हेवा वाटू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तूही मागच्या वेळी आलीस तेव्हा गुडघे चोळत म्हणालीस, 'मशीनवर बसून बसून पायांची वाट लागली.' मी मान डोलावली. मनात म्हटलं, दे तुझे गुडघे मला आणि बस तू इथे.

तुझी ती नवी कापणारी गेल्या गुरुवारी येऊन गेली. कुरळ्या केसांची. संत्री घेऊन आली होती. माझी मापांची वही बघायची होती म्हणे तिला माझ्यासमोर, बस डेपोच्या कोटांची. माझी जीभ त्या दिवशी फारच जड होती, त्यामुळे बोलणं काही झालं नाही. संत्रं मात्र सोलून दिलंन. बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, एका सालीत. मी त्या सालीकडेच बघत होते. मग पांघरूण नीट केलंन माझं आणि गेली.

पोरगी कशी आहे कामाला? वहीतली मापं वाचता येतात ना तिला? सहज विचारलं. डेपोचे कोट बेतून झाले का? चोवीस आहेत ना यंदा? लवकर लिही. म्हणजे घाई नाही, तुला दुकान आहे.

गुडघ्यांना तेल लाव.

तुझी
ताई


२४ नोव्हेंबर, सोमवार

काडी,

आशीर्वाद वगैरे नेहमीचे समजून घे. तुझं पत्र काल मिळालं आणि कालपासून माझ्या अंगाची लाही लाही होते आहे.

'ताई, मनाला लावून घेऊ नकोस, पण दोन वर्षांपूर्वी तुझ्या हातून मापं लिहिताना चूक झाली असेल का?' असं लिहिलंस तू. माझ्या हातून! मापात! बाई गं, सव्वीस वर्षांत माझ्या वहीतल्या एका आकड्यावर कुणी बोट ठेवलं आहे का? तो जाडा कंडक्टर आठव, दर दोन वर्षांनी भांडायला यायचा की कोट घट्ट झाला. मी माप घ्यायचे तर कोट बरोबर, पोट पुढे. माझी वही कधी चुकली नाही.

ही ओळ लिहून झाल्यावर मी चहा प्यायले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. म्हणून आता पुढचं लिहिते, नाहीतर इथेच सही करून पाकिटाला टाचण्या मारणार होते.

आठ कोट शिवून डेपोत गेले आणि आठही परत आले. ड्रायव्हर थोरल्या भावाचे कोट घातल्यासारखे दिसतात, बाह्या स्टिअरिंगवर लोळतात, एकाची बाही गिअरच्या दांड्यात अडकली, असं लिहिलंस. डेपोचा साहेब तुला सगळ्यांसमोर बोलला. कुरळी भिंतीकडे तोंड करून रडली आणि 'मी सोडते काम' म्हणाली. आणि तू तिला काय म्हणालीस तेही लिहिलंस. 'मलाही शिवताना मोठे वाटले गं, पण ताईची वही म्हणजे ताईची वही, म्हणून मी मुकाट्याने शिवले.'

ते वाचलं आणि मी तुझ्यापुढे बसू शकणार नाही असं झालं. बरंय, मी कागदावर आहे.

ऐक आता. वहीत माप अंगाचं नाही. छाती अंगाची छत्तीस भरली तर कोटासाठी त्यात चार इंच लूजिंग धरायची, म्हणजे माणसाला हात वर करता येतो, आत स्वेटर घालता येतो. सगळे कारागीर वहीत छत्तीस लिहितात आणि बेतताना चार वाढवतात. मी वहीतच चाळीस लिहायची, बाही-खांद्याचंही तसंच वाढवून. आपण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मास्तर तसंच लिहायचे. ते म्हणायचे, वही कुणाच्या हाती लागली तरी आपली विद्या त्याच्या हाती लागता कामा नये. तेव्हा ते ऐकून आपण तोंडावर हात धरून हसलो होतो. पण मी ती सवय उचलली, आणि कुणाला सांगितली नाही. तुलासुद्धा नाही. तू मशीनवर, मी टेबलावर, तुला काय करायचंय, असं मला वाटायचं.

त्या पोरीने चाळिसाला अंगाचं माप धरलं आणि वर आणखी चार इंच दिले. कुणीही चांगला कारागीर तेच करील. तिचं काहीही चुकलेलं नाही. हे तिला आजच्या आज सांग.

इथेही थांबता आलं असतं. 'अगंबाई, सांगायचं राहूनच गेलं, आजारपणात डोक्यातून निघून गेलं' असं लिहिलं असतं तर तू लगेच मानलं असतंस, वर माझीच समजूत काढली असतीस.

पण तिने विचारलं होतं मला, काडी. त्या गुरुवारी. हुशार आहे ती, तिला शंका आली होती. वही उघडून माझ्यासमोर धरलीन आणि म्हणाली, 'मोठ्या ताई, ही मापं अंगाची आहेत की बेतायची?' इतका सरळ प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. आणि माझी जीभ त्या दिवशी जड नव्हती. सकाळीच मी दूधवाल्याशी चांगली कडाकडा भांडले होते.

मी तोंड उघडलं, ओठ वाकडे केले, घशातून थोडा आवाज काढला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला ते सगळं करता येतं, आठ महिने खरंखुरं करतेच आहे. ती घाबरलीच. 'राहू दे, राहू दे, त्रास करून घेऊ नका,' म्हणाली आणि वही मिटलीन. मग संत्रं सोललंन. मग पांघरूण.

दुखण्याचं सोंग केलं मी. ज्या दुखण्याला रोज शिव्या घालते त्याच्याच आड लपले. का, ते विचारू नकोस. विचार. तिने गळ्यात टेप टाकली होती, टेपची दोन टोकं दोन्ही बाजूंना सारखी लोंबत होती, आणि कानामागे खडू होता. मी ठेवायचे तिथेच. मला वाटलं, होऊ दे एकदा हिची फजिती. सगळ्यांना कळू दे की माझ्याशिवाय त्या टेबलावर काही होत नाही. तू धावत येशील आणि म्हणशील, 'ताई, तुझ्यावाचून अडलं गं.' हे तुझ्या तोंडून ऐकायला मी आठ महिने टपून बसले होते. आठ महिन्यांत तू सगळं म्हणालीस. बरं वाटेल म्हणालीस, आराम कर म्हणालीस. अडलं म्हणाली नाहीस, कारण अडलंच नव्हतं.

तर आता अडलं. मीच अडवलं. आणि डेपोच्या साहेबासमोर मान खाली घालून उभी राहिलीस तू.

जे सोळा नुसते बेतून ठेवलेत ते वाचतील. वहीतला आकडा आहे तसाच धरून कडेने कापून घ्या. शिवलेले आठ उसवावे लागतील.

तू आता मला काय म्हणशील ते म्हण. पण फोनवर नको, लिहून कळव. फोनवर मला उत्तर देता येणार नाही आणि तुला वाटेल पुन्हा सोंग करते आहे.

ताई


१९ डिसेंबर, शुक्रवार

प्रिय काडीस,

आशीर्वाद. थंडी फार पडली आहे, दुकानातला हीटर दुरुस्त करून घे, त्याची तार मागच्या वर्षीपासून ढिली आहे.

आठवा कोट उसवून झाला, आज ह्यांच्याबरोबर येतो आहे. या तीन आठवड्यांत तुला पत्र लिहिलं नाही, कारण तूही लिहिलं नाहीस. माझ्या कबुलीला तू काय उत्तर दिलंस? टेम्पोवाल्याच्या हातून दोन गाठोडी. उघडली तर आठ कोट आणि टीप उसवायचं ते चिमुकलं हत्यार, लाल मुठीचं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी रडायला लागले तर हे म्हणाले, 'अगं, शिव्या लिहिण्यापेक्षा बरं की!' ह्यांना काय कळतं? शिव्या हव्या होत्या मला.

पहिल्या दिवशी वाटलं, सूड उगवतेय काडी. एका हाताने कोट उसवता येतो का कधी? एक हात कापड ताणून धरतो, दुसरा उसवतो. माझा धरणारा हातच नाही. टोक टिपेखाली घातलं की सगळा कोट त्याच्यामागे चालू लागायचा. दुपारपर्यंत चार इंच उसवले आणि अस्तराला एक भोक. मग ह्यांनी मीटर दुरुस्तीवाल्याकडून लोखंडी शिकंजा आणला, सुतार लाकूड धरायला लावतात तसला. कापडाचं एक टोक टेबलाच्या कडेला शिकंज्यात, दुसऱ्या टोकावर थंड इस्त्री. मधली टीप अशी ताणून उभी राहिली की काय सांगू! टोक खाली सरकवलं, एक टाका कापला, तीन सोडले, पुन्हा एक कापला. मग दोरा ओढला. आणि तो अख्खा, सरळ, सळकन हातात आला.

तू म्हणशील, उसवण्यात काय एवढं? मीही तेच म्हणायची. दुकानात उसवायचं काम आलं की मी नाक मुरडायची आणि तुझ्याकडे ढकलायची. पण खरं सांगू? मार्चपासून माझ्या हातून एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. रोप वाढतं, बदक रंगतं, त्यात माझं काय! इथे टीप होती आणि मग टीप नव्हती, आणि ते मी केलं. सकाळी हे गेले की खिडकीपाशी बसते, रेडिओ लावते, दहा वाजता पहिली टीप. बारा वाजता हात झटकते. जेवण, थोडी झोप, मग चारपर्यंत दुसरी. तू एका कोटाला तास घेशील, मला दोन दिवस लागतात, कधी तीन. हे काम नव्हे, मला कळतं. असली कामगार कुठल्याही दुकानाने अर्धा दिवससुद्धा ठेवली नसती. पण पाचव्या दिवशी हे संध्याकाळी बूट काढत होते आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, 'आज दमले बुवा.' आमचे हे एक बूट हातात धरून बघतच राहिले.

चौथा उसवलेला कोट तुला पोचवून हे परत आले ते तुझी चिठ्ठी घेऊन. 'पाठीची टीप जपून. दोरा ओढताना कापड ओढू नकोस, विरतं.' बस, एवढंच. ना ताई, ना काडी. मी ती चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की मास्तरीणबाईंनी विचारलं, कुठून आली एवढी गोड बातमी? म्हटलं, बहीण खेकसली आहे माझ्यावर.

आणि हेही सांगून टाकते. सातव्या कोटापासून मी मुद्दाम हळू उसवत होते. संपू नये म्हणून. तुला त्यामुळे दोन दिवस उशीर झाला असेल, तर तेही माझ्याच खात्यावर.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

त्या गाठोड्यांत अगदी तळाशी नववा कोट होता. जुना, दोन वर्षांपूर्वीचा, मापाला म्हणून डेपोतून आणलेला. चुकून आला असणार. तो बेतलेला माझा आणि शिवलेला तुझा. मला हौस आली, म्हटलं, बघावं तरी आपलं जुनं काम. उसवायचा नव्हता, नुसतं अस्तर खालून सोडलं आणि आत डोकावले.

काडी, सव्वीस वर्षं आपण एका खोलीत काम केलं आणि मी तुझी शिवण आतून कधी पाहिली नव्हती. मी बेतायची, ढीग तुझ्याकडे सरकवायची, आणि तयार कपडा थेट खुंटीवर बघायची. बाहेरून. काखेत, जिथे ताण येतो तिथे, तू प्रत्येक टीप दोनदा घालतेस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दिसतही नाही. मला लगेच मत्सर वाटला. तुझ्या टिपेचा. लाज म्हणून नाही मला.

मग डाव्या बाहीचा मुंढा पाहिला. उजव्या बाजूला कापडाची कड माझ्या मोठ्या कात्रीची, एका झटक्यातली, लांबलचक. डाव्या बाजूला कडेवर बारीक बारीक चावे. दोरे तोडायच्या छोट्या कात्रीचे. पाऊण इंच कापड छाटून टाकलेलं आणि खडूची एक अंधुक रेघ. ती रेघ माझी नाही. मी खडू असा तिरपा धरत नाही.

मग ह्यांचा कपाटातला कोट काढला, नऊ वर्षांपूर्वी आपण शिवलेला. 'अगं, माझा कशाला?' म्हणेपर्यंत अस्तर सोडलंसुद्धा. डाव्या मुंढ्याला तेच चावे. मग माझं स्वतःचं जाकीट. तेच.

मी कापड दुहेरी घालून बेतायची. कात्री मारताना खालचा थर सरकायचा आणि डावी बाजू दर वेळी मोठी यायची. दर वेळी. सव्वीस वर्षं माझी डावी बाजू चुकत होती, आणि तू ती मशीनवर बसल्या बसल्या दोऱ्याच्या कात्रीने सरळ करत होतीस. म्हणून तू म्हणायचीस ना, 'ताई, डावे तुकडे मला आधी दे'? मला वाटायचं, हिची आपली एक लकब. मी गिऱ्हाइकांसमोर त्यावरून तुझी चेष्टा केली आहे. आणि मी तुला गेल्या पत्रात लिहिलं, माझी वही कधी चुकली नाही!

वही नाही चुकली. हात चुकत होता. आणि तू एकदाही बोलली नाहीस. मला आधी राग आला की का नाही सांगितलंस. मग मी स्वतःलाच विचारलं, सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? तुझं काम बघून घे म्हणाले असते. तुला ते माहीत होतं, कारण तू एकदा तो अनुभव घेतला होतास.

तो निळा फ्रॉक. तुला आठवतो का माहीत नाही. आठवत असणारच. तू एकोणीस वर्षांची होतीस. मी कापड आणायला बाजारात गेले होते, आणि तू उरलेल्या निळ्या कापडातून शेजारच्या पोरीसाठी फ्रॉक बेतलास. मी आले तर तुकडे टेबलावर मांडून तू उभी. 'ताई, बघ ना. मलाही बेतायला शिकव.' मी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, आणि म्हटलं, 'वाकडं गेलंय. तुझा हात मशीनचा आहे, कात्रीचा नाही.' तू तुकडे गोळा केलेस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तू पाणी प्यायला आत गेलीस तेव्हा मी टेप लावून पाहिली होती. दोन्ही मुंढे सारखे होते. एका दोऱ्याचाही फरक नव्हता. एकोणिसाव्या वर्षी मला तसं येत नव्हतं, त्या वेळीही येत नव्हतं, आणि ह्या मुंढ्यांवरून दिसतंय की पुढेही कधी आलं नाही. मी जळले तुझ्यावर. एका मिनिटात मी तुझ्या हातातली कात्री सव्वीस वर्षांसाठी काढून घेतली, आणि नंतर स्वतःला पटवलं की ते वाकडंच होतं. कुरळीशी मी जे केलं ते झटक्यामुळे नाही केलं, काडी. ते मला आधीपासून येत होतं.

माफ कर असं लिहिणार होते. ते वाक्य तीनदा लिहिलं आणि खोडलं, डाव्या हातात ते फार छान दिसत होतं. त्यापेक्षा हे कर. सोमवारी दुकान उघडलंस की मशीनवर बसू नकोस. टेबलापाशी कुरळीच्या शेजारी उभी राहा आणि मोठी कात्री हातात घे. तिला म्हण, मला शिकव. ती शिकवील, तिच्यात माझ्यासारखं काही नाही. कापड एकेरी घाल, दुहेरी नको. बिघडलं तर तसंच शिवून टाक आणि इकडे पाठव, मी उसवीन. माझा वेळ आहेच. मास्तरीणबाईंनी एक जुना स्वेटर आणून दिलाय उसवून लोकर गुंडाळायला, आणि त्यांच्या दोन मैत्रिणी विचारून गेल्या, पण तुझं आलं तर तुझं आधी घेईन.

आणि सरळ गेलं, तर तेही कळव. ह्यांच्या हाती नुसता निरोप पाठवलास तरी चालेल. मला फार त्रास होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. दिवसभर कुणाशी बोलणार नाही, रेडिओ बंद करीन, तोंड आहे त्याहून वाकडं करून बसेन. बसू दे मला.

तू काप.

तेव्हाही तुझ्यावर जळणारी, आजही जळणारी,
ताई